‘विज्ञान शिकवण्यावर’ पीएचडी म्हणजे काय हो?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक कर्जमागणी आली. त्या दिवशी कळलं की बचतीचा हिशेब आम्हाला पक्का येतो, पण शिकलेल्या मुलींच्या पुढच्या वाटा आमच्या ओळखीच्या नाहीत.

मागणी १५,००० रुपयांची होती. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी करते, शेवटचं वर्ष आहे. तिला पुढं मुंबईला पीएचडीची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. फॉर्म, पुस्तकं, येणं-जाणं, मुलाखत लागलीच तर तिथं राहणं, असा तो खर्च. कारणाच्या रकान्यात ‘मुलीचं शिक्षण’ लिहिलं होतं. आतापर्यंत अशा कर्जाला आमच्या गटात कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. पण एका वहिनींनी विचारलं, “विषय कुठला?” ताई म्हणाल्या, “ती म्हणते, विज्ञान कसं शिकवतात यावर संशोधन करायचं. गरिबाच्या मुलांना विज्ञान का जमू देत नाहीत, त्यावर.”

खोली गप्प झाली. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. शिकवायचंच असेल तर बीएड करावं ना? औषधाच्या कंपनीत नोकरी मिळत असताना आणखी पाच वर्षं कशाला? एक आक्का म्हणाल्या, “मुलगी तेवीस वर्षांची झाली. स्थळं येताहेत. पाच वर्षांनी कोण विचारणार?” ताईंनी मान खाली घातली. पापडाच्या कामावर त्यांनी ही पोर शिकवलीय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर आम्हालाही उत्तर येत नव्हतं. आम्ही बीए झालेलो, वह्या लिहितो, बँकेत बोलतो, पण हे काय असतं ते आम्हालाही माहीत नव्हतं. म्हणून आम्ही इतिवृत्तात लिहिलं : ‘विषय पुढील बैठकीत.’ मधल्या दिवसांत त्या मुलीशी बोललो, तिच्याकडचं वाचलं, तिच्या प्राध्यापकांना फोन केला. जे कळलं ते बैठकीत सांगितलं आणि आज तुम्हाला सांगतोय.

शिक्षक आणि संशोधक : फरक काय?

हळदीचा डाग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पातळावर हळद सांडली, साबण लावला की डाग लाल होतो. धुऊन टाकला की परत पिवळा. हे आपल्याला आजीपासून माहीत आहे. आता सातवी-आठवीचं विज्ञानाचं पुस्तक उघडा. तिथं हेच लिहिलेलं सापडेल, पण असं : हळद हा नैसर्गिक दर्शक असून आम्लारिधर्मी द्रावणात तिचा रंग बदलतो. साबणाचं पाणी म्हणजे ते आम्लारिधर्मी द्रावण आणि दर्शक म्हणजे रंग बदलून ओळख दाखवणारा पदार्थ. गोष्ट तीच. पण रोज तो डाग धुणारी मुलगी हे वाक्य घोकत बसते, आणि तिला कुणी सांगत नाही की बाई, हे तुला आधीच येतं.

शिक्षक हा धडा शिकवतात. संशोधन करणारी व्यक्ती वर्गात मागच्या बाकावर बसते आणि बघते. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा किती मुलांना उभं केलं, किती मुलींना? परीक्षानळी कुणाच्या हातात गेली आणि नोंदी लिहायला कोण बसलं? ज्या मुलाचं उत्तर चुकलं, त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं? पुस्तकातलं कुठलं वाक्य अडलं? मग ती मुलांशी बोलते, त्यांच्या वह्या वाचते, धडा बदलून बघते, दोन वर्गांची तुलना करते. एकाच वर्गात नाही, अनेक वर्गांत. आणि जे दिसलं ते पुराव्यासकट लिहिते. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांना आणि सरकारला ‘आम्हाला असं वाटतं’ न म्हणता ‘असं होतं, हे बघा’ म्हणता येतं.

यात सामाजिक न्याय कुठं आला? प्रश्न विचारण्यात आला. दहा मुलं नापास झाली तर सोपं उत्तर असतं, पोरं ढ आहेत. हे संशोधक विचारतात : नापास झालेली दहाही मुलं एकाच वस्तीतली का आहेत? तीच मुलं घरी शिकलेलं कुणी नसलेली का आहेत? मग ढ कोण, पोरं की आपली शिकवायची पद्धत?

मुंबईतलं एक केंद्र

आपल्या राज्यात या कामाची मोठी जागा म्हणजे मुंबईत मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं ते १९७४ साली सुरू केलं. अणू आणि विश्वकिरणांवर काम करणाऱ्या संस्थेतल्या लोकांना वाटलं की शाळेत विज्ञान नीट पोचत नाही, आणि त्यावरही तितक्याच शिस्तीनं संशोधन व्हायला हवं. व्ही. जी. कुलकर्णी या शास्त्रज्ञांनी सुरुवातीची अनेक वर्षं हे काम उभं केलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळा निवडल्या, आणि १९७०च्या दशकात आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागातल्या शाळांमध्येही काम केलं. केळीच्या बागांमधल्या शाळा त्या. तिथं मोठी प्रयोगशाळा नव्हती, साहित्य साधं होतं.

त्यांच्या कामातली एक गोष्ट आम्हाला फार पटली. त्यांनी पाहिलं की मुलं बऱ्याचदा विज्ञानापाशी अडत नाहीत, भाषेपाशी अडतात. पुस्तकाची मराठी आणि घरची मराठी यांत एवढं अंतर असतं की मूल पहिल्याच ओळीला थांबतं. मग त्यांनी तेच धडे सोप्या मराठीत लिहून मुलांना दिले. विषय तोच, कमी केलेला नाही, फक्त वाक्यं साधी. मुलांना ते जास्त चांगलं समजलं.

हे ऐकल्यावर आम्हाला बोअरचं पाणी आठवलं. आपण म्हणतो जड पाणी. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ तासभर शिजत नाही. पुस्तकात त्याला ‘दुष्फेन पाणी’ म्हणतात. आमच्या बैठकीत आम्ही विचारलं, दुष्फेन म्हणजे काय? १३ जणींपैकी एकीलाही सांगता आलं नाही. मग विचारलं, जड पाण्यात डाळ का शिजत नाही? लगेच उत्तरं आली : त्यात क्षार असतात, थोडा सोडा टाकला की शिजते, पावसाच्या पाण्यात लवकर शिजते. सगळी बरोबर. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार डाळीच्या पेशींना धरून बसतात, त्या मऊ पडत नाहीत. सोडा ती पकड सैल करतो. म्हणजे आम्हा १३ जणींना विज्ञान येत होतं, शब्द येत नव्हता. परीक्षेत मात्र शब्दच विचारतात.

याच केंद्रानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक काम केलं. महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुलंमुली निवडून त्यांना आठवीपासून दहावीपर्यंत नियमित जास्तीचं मार्गदर्शन दिलं. घोकंपट्टीचं नाही, बोलायला लावणं, प्रयोग करू देणं, भाषेची अडचण काढणं. दहावीत या मुलांनी चांगले गुण मिळवून दाखवले. जन्मानं हुशारी ठरते असं मानणाऱ्यांना ते पुराव्यानं दिलेलं उत्तर होतं. पुढं त्याच केंद्रातल्या जयश्री रामदास यांच्या पुढाकारानं प्राथमिक शाळेसाठी ‘हलकं-फुलकं विज्ञान’ ही पुस्तकं तयार झाली. मुलांनी आजूबाजूचं बघावं, मोजावं, चित्र काढावं, प्रश्न विचारावा, अशी त्यांची रीत.

शास्त्रज्ञाचं चित्र काढा

आता एक खेळ. पुढच्या बैठकीत प्रत्येकीला कोरा कागद द्या आणि सांगा, शास्त्रज्ञ काम करताना काढा. आणखी काही बोलू नका.

हा खेळ जगभर खेळून झालाय. डेव्हिड चेंबर्स या संशोधकांनी कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या ४,८०७ लहान मुलांकडून अशी चित्रं काढून घेतली आणि १९८३ साली त्याचा निष्कर्ष छापला. त्यात बाई शास्त्रज्ञ किती निघाल्या असतील? फक्त २८. आणि त्या २८ही मुलींनी काढलेल्या. एकाही मुलानं बाई काढली नव्हती. नंतर हा अभ्यास पुन्हा पुन्हा झाला. अमेरिकेतल्या पन्नास वर्षांतल्या चित्रांचा एकत्र अभ्यास २०१८ साली आला. त्यात दिसलं की १९८५ नंतरच्या चित्रांमध्ये साधारण १०० पैकी २८ चित्रांत बाई शास्त्रज्ञ आहे. म्हणजे डोक्यातलं चित्र बदलतं. पण आपोआप नाही. बायका त्या कामात दिसायला लागल्या, पुस्तकांत आल्या, तेव्हा बदलतं.

आम्हीही हा खेळ खेळलो. चष्मा, विस्कटलेले केस, हातात नळी, आणि बहुतेक सगळे पुरुष. एका मावशींनी नऊवारीतली बाई काढली होती. आम्हाला वाटलं, शास्त्रज्ञ बाई! मावशी म्हणाल्या, “नाही गं, ही त्याला चहा घेऊन आलीय.” सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर मात्र बराच वेळ कुणी बोललं नाही.

होमी भाभा केंद्रातल्या सुग्रा चुनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलगी, शाळा आणि विज्ञान याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मुलांच्या मनातला शास्त्रज्ञ कसा आहे, प्राथमिक पुस्तकांतल्या चित्रांत बाया आणि पुरुष काय करताना दिसतात, शिक्षकांना मुलींबद्दल काय वाटतं, हे त्यांनी तपासलं. हे काम आपणही घरच्या घरी करू शकतो. मुलीचं पुस्तक घ्या आणि मोजा : किती चित्रांत पुरुष यंत्र चालवतोय, किती चित्रांत बाई? मोजणं ही संशोधनाची पहिली पायरी आहे, आणि मोजायला आपल्याला कुणी शिकवायला नको.

होशंगाबादची गोष्ट

दुसरं मोठं काम शेजारच्या मध्य प्रदेशात झालं. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया इथलं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे अमेरिकेत शिकून आलेले शास्त्रज्ञ. टाटा संस्थेतली नोकरी सोडून ते खेड्यात गेले आणि पुढं त्यांचं आयुष्य शिक्षणाच्या प्रश्नावर गेलं.

या कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुलं चार-चारच्या टोळीत बसायची. स्वस्त साहित्य असायचं. प्रयोग मुलांनी करायचा, काय दिसलं ते आपल्या शब्दांत लिहायचं आणि मग सगळ्या वर्गानं मिळून निष्कर्ष काढायचा. पुस्तकाचं नाव होतं ‘बाल वैज्ञानिक’. त्यात तयार उत्तरं नव्हती. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडून बसायची मुभा होती, कारण पाठ करून उपयोगच नव्हता. मुलांना पडलेले प्रश्न ते ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्रानं कळवायचे, आणि उत्तर यायचं. १९७८ साली हे पूर्ण जिल्ह्यात सुरू झालं. १९८२ साली त्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि काम इतर जिल्ह्यांत गेलं.

२००२ साली सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. ३० वर्षं चाललेलं काम थांबलं. पण त्यातून घडलेले शिक्षक, पुस्तकं आणि विचार राहिले. आजही देशभर विज्ञान शिक्षणावर बोलणारे लोक होशंगाबादचं नाव घेतात. आम्हाला यातून एक समजलं. चांगलं काम टिकायचं तर त्याच्या मागं पालकांचा आवाज लागतो. संशोधक कितीही चांगले असले तरी गावानं ‘हे आमच्या पोरांना हवंय’ म्हटलं नाही तर एका आदेशानं ते बंद होऊ शकतं.

आईचं शहाणपण वर्गात

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचं शहर आहे. तिथं मेक्सिकोतून आलेली बरीच कष्टकरी कुटुंबं राहतात. शाळेत समज असा की या मुलांच्या घरी काही ज्ञान नाही. लुइस मोल या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच मुलांच्या घरी पाठवलं. शिकवायला नाही, शिकायला. तिथं शिक्षकांना काय सापडलं? शेती, जनावरं, बांधकाम, औषधी झाडपाला, दुरुस्ती, व्यापार. प्रत्येक घरात ज्ञानाची एक पेटी. एका वर्गात तर मिठाईवर अख्खा पाठ उभा राहिला आणि एक आई वर्गात येऊन ती कशी करायची ते शिकवून गेली. त्या दिवशी ती पालक म्हणून आली नव्हती, जाणकार म्हणून आली होती. हे काम १९९२ साली छापलं गेलं आणि आज शिक्षणाच्या अभ्यासात सगळीकडे वाचलं जातं.

त्याच देशातल्या अँजेला कॅलाब्रीज बार्टन या बाईंनी निवारागृहात राहणाऱ्या बेघर मुलांबरोबर काम केलं. ज्या मुलांचं घरच नाही त्यांच्यासाठी विज्ञान काय, हा त्यांचा प्रश्न. मुलांच्या जगण्यातल्या अडचणीतून विज्ञान सुरू करायचं, हा त्यांचा मार्ग. २००३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ‘सामाजिक न्यायासाठी विज्ञान शिकवणं’ असा अर्थ आहे. पुढंही त्या हेच काम वाढवत राहिल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मुलाला वर्गात येऊ देणं पुरेसं नाही, त्याला तिथं हक्कानं असता आलं पाहिजे.

हे वाचून आम्हाला आमचे पापड आठवले. उडदाच्या पापडात पापडखार किती टाकायचा हे आमच्या मावशी वजनानं सांगत नाहीत. थोड्या पिठाचा एक पापड आधी तळून बघतात. फुलला नाही तर खार जरा वाढवतात, लाल पडला तर पुढच्या घाण्याला कमी करतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम बघायचा, मग पुढं जायचं. याला प्रयोग म्हणतात. पण त्या मावशींना शाळेत बोलावलं कधी? फक्त पोषण आहाराला.

दार उघडलं म्हणजे झालं का?

आपल्याकडं एक थोर बाई होऊन गेल्या, कमला सोहोनी. माहेरच्या भागवत. १९३३ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजहून पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी झालेल्या सुरुवातीच्या भारतीय महिलांपैकी त्या एक. विशेष म्हणजे त्यांनी डाळी, दूध आणि नीरा अशा आपल्या जेवणातल्या गोष्टींवर काम केलं.

त्या शिकलेल्या, शास्त्रज्ञांच्या घरातल्या होत्या. त्यांना एवढं झगडावं लागलं, तर जिच्या घरी पहिल्यांदाच कुणी शाळेत गेलंय तिचं काय?

आमचंच सांगतो. दहावीला आम्हाला विज्ञानात चांगले गुण होते. पण विज्ञान शाखेचं कॉलेज १८ किलोमीटरवर होतं आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जायची. घरच्यांनी विचारलं तेव्हा शाळेतूनही सांगितलं गेलं, मुलींना कला शाखा बरी. आम्ही बीए झालो. बीएचा पश्चात्ताप नाही, त्यानंच आज तुमच्याशी बोलता येतंय. पण ते ठरवलं होतं एसटीच्या वेळापत्रकानं, आमच्या डोक्यानं नाही. इतकी वर्षं आम्ही ते नशीब समजत होतो. आता कळतंय की यावरही कुणी तरी अभ्यास करू शकतं आणि एसटीची वेळ हाही विज्ञान शिक्षणाचा प्रश्न आहे.

वाट कशी आहे, पैसा किती?

आता गटातल्या हिशेबी बायांचा प्रश्न. या कामाची वाट साधारण अशी. आधी पदवी, मग पदव्युत्तर पदवी. ती विज्ञानात असू शकते, शिक्षणशास्त्रात असू शकते. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र शिकलेलेही या क्षेत्रात येतात. त्यानंतर प्रवेश परीक्षा, मुलाखत आणि पीएचडीची साधारण पाच वर्षं. होमी भाभा केंद्रात विज्ञान शिक्षणातली पीएचडी करता येते. विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांतही करता येते. पात्रता आणि तारखा दर वर्षीच्या जाहिरातीतच बघाव्या, ऐकीव माहितीवर राहू नये.

एक गोष्ट बैठकीत सगळ्यांना नवीन होती : पीएचडी करताना फी भरतच बसावं लागतं असं नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये शिष्यवृत्ती आहे. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या समाजगटांतल्या पीएचडी करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जागा आणि अटी असतात, त्या वेळेवर बघाव्या लागतात.

दुसरी बाजूही सांगतो. पुढं कायम नोकऱ्या फार नाहीत. विद्यापीठं, डाएट, पुण्याची बालभारती, शिक्षणात काम करणाऱ्या संस्था, अशा जागा आहेत, पण रांग मोठी आहे. वाचन आणि लेखन बरंचसं इंग्रजीत असतं. मराठीतून शिकलेल्या मुलीला पहिली दोन वर्षं जड जातात.

आणि आमची या क्षेत्रातल्या लोकांकडे एक तक्रार आहे, ती प्रेमानं सांगतो. आमच्या मुलांवर अभ्यास होतो, तो इंग्रजी नियतकालिकात छापला जातो आणि आमच्यापर्यंत येत नाही. डाळ आमची, चूल आमची, आणि वाढायच्या वेळी पंगत दुसऱ्याची. म्हणूनच गावातली, पापड लाटणाऱ्या आईची मुलगी तिथं पोचणं गरजेचं आहे. तिला परत येऊन आमच्या भाषेत सांगता येईल.

आपण गटानं काय करायचं?

पहिलं, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्यातल्या किती जणींची नावं फक्त कागदावर आहेत? पुढच्या सभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. विज्ञानाचं साहित्य कपाटात बंद आहे की मुलांच्या हातात? प्रयोग मुलीही करतात की फक्त लिहून घेतात? धडा अडला तर मुलं घरच्या बोलीत विचारू शकतात का?

दुसरं, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या दिवशी शाळेला सांगा, आमच्या गटाच्या दोन बाया वर्गात येतील. हळद-साबण-लिंबू दाखवतील, जड पाण्याची आणि पावसाच्या पाण्याची डाळ शिजवून दाखवतील. नावं शिक्षक सांगतील, करणं आपण दाखवू.

तिसरं, घरात मुलीनं ‘का?’ विचारलं की ‘गप बस’ म्हणू नका. उत्तर येत नसेल तर म्हणा, मलाही माहीत नाही, चल बघू.

बैठकीत काय ठरलं?

एवढं सगळं सांगून झाल्यावर आम्ही थांबलो. ज्या आक्कांनी स्थळांचा प्रश्न काढला होता, त्यांनी ताईंना विचारलं, “पोरगी परत येईल का गं गावाकडं?” ताई म्हणाल्या, “ते मी कसं सांगू? पण ती म्हणते, पहिला अभ्यास आपल्याच शाळेत करीन.” आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग तिला सांग, माझ्या नातवाला गणितात काय होतं तेही बघ.”

कर्ज मंजूर झालं. १५,००० रुपये, नेहमीच्या व्याजानं, १० हप्ते. सवलत ताईंनी मागितली नाही आणि आम्ही दिली नाही. कारणाच्या रकान्यात ‘मुलीचं शिक्षण’ होतंच. एका वहिनींनी सांगितलं, नीट लिहा. म्हणून आम्ही पुढं लिहिलं : ‘विज्ञान शिकवण्यावर संशोधन’. आमच्या गटाच्या वहीत हे शब्द पहिल्यांदाच आले.

परीक्षेचं काय होईल ते परीक्षा सांगेल. नापास झाली तरी हप्ते चालूच राहतील, हे ताईंना माहीत आहे आणि मुलीलाही. तुमच्या गटात अशी एखादी मुलगी असेल, तिचा विषय तुम्हाला कळत नसेल, तर लगेच नाही म्हणू नका. आमच्यासारखं इतिवृत्तात लिहा : ‘विषय पुढील बैठकीत.’ आणि मधल्या दिवसांत तिच्याकडून समजून घ्या.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.